जगात कॅन्सरचे पेशंट किती, हे मोजतं कोण आणि कसं?

शोधयात्री

दर एक-दोन वर्षांनी बातमी येते, जगात अमुक कोटी लोकांना कॅन्सर. आपण वाचतो, चुकचुकतो आणि पुढे जातो. मला मात्र कायम प्रश्न पडायचा की अख्ख्या जगाचं हे मोजत कोण बसलंय? त्या नादात मॅक्स पार्किन या ब्रिटिश एपिडेमिऑलॉजिस्टचं (म्हणजे कुठला आजार कुठं, किती, कुणाला होतो याचा अभ्यास करणाऱ्याचं) काम वाचायला घेतलं आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी सध्याचे आकडे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात आयएआरसी नावाची संस्था आहे, जागतिक आरोग्य संघटनेचीच, १९६५ पासूनची. ती 'ग्लोबोकॅन' नावाने अंदाज काढते. २०२२ सालच्या अंदाजात १८५ देश आणि ३६ प्रकारचे कॅन्सर आहेत. नवे पेशंट जवळपास २ कोटी, मृत्यू ९७ लाख. फुप्फुसाचा कॅन्सर सगळ्यात वर, २५ लाखांच्या आसपास नवे पेशंट आणि १८ लाख मृत्यू. त्याखाली स्तनाचा, २३ लाख नवे आणि ६ लाख ७० हजार मृत्यू, मग मोठ्या आतड्याचा, १९ लाख आणि ९ लाख. साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, आणि पुरुषांत नवातला एक तर बायकांत बारातली एक त्यानं दगावते.

आता गंमत बघा, हे सगळे *अंदाज* आहेत. २ कोटी माणसं कुणी एकेक करून मोजलेली नाहीत. आणि हा अंदाज काढायचा कसा याची घडी ज्यांनी बसवली त्यात पार्किन यांचं नाव फार वरचं.

१९८४ साली पार्किन, स्टेर्नस्वॉर्ड आणि म्यूर या तिघांचा एक पेपर आला. १९७५ साली जगात १२ मुख्य प्रकारच्या कॅन्सरचे किती नवे पेशंट झाले असतील, जगाचे २४ विभाग पाडून. कॉम्प्युटर आजच्यासारखे नाहीत, निम्म्या जगात मृत्यूचा दाखलाही धड मिळत नाही, अशा काळात. उत्तर आलं एकूण ५९ लाख (त्वचेचा सोडून), आणि ते श्रीमंत आणि विकसनशील देशांत जवळपास निम्मे-निम्मे. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी की कॅन्सर हा श्रीमंतांचा आजार, गरीब देशांत लोक त्याआधीच जंतुसंसर्गाने जातात. या पेपरने त्या समजुतीलाच धक्का दिला. पुढे १९८० चे अंदाज आले, मग १९८५ चे. १९८५ ला आकडा ७६ लाख आणि त्यातले निम्म्याहून जास्त विकसनशील देशांतले.

अजून एक गोष्ट. १९७५ मध्ये पहिल्या नंबरवर जठराचा कॅन्सर होता! १९८० ला पण तोच, पण फुप्फुसाचा अगदी मागोमाग. १९८५ ला फुप्फुसाने गाठलं, ९ लाख. म्हणजे दहा वर्षांत सिगारेटने जगाची यादी बदलून टाकली आणि ते बदलताना कुणीतरी मोजत होतं म्हणून आपल्याला कळलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

मृण्मयी_र

मस्त धागा! पण मूळ शंका तशीच राहिली. जिथं नोंदच नाही तिथला अंदाज काढतात कसा? हवेतून?

---

शोधयात्री

@मृण्मयी_र, हवेतून नाही, पण काही ठिकाणी बराच लांबून हे खरं.

जिथं अख्ख्या देशाची चांगली कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे तिथं राहणाऱ्या प्रत्येक कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी यंत्रणा, आहे (डेन्मार्कची १९४० च्या दशकापासून आहे) तिथं सोपं, मागची काही वर्षं घ्यायची आणि कल बघून पुढे न्यायची. जिथं देशभराची नाही पण दोन-चार शहरांच्या किंवा जिल्ह्यांच्या रजिस्ट्र्या आहेत तिथं त्यांची सरासरी देशाला लावतात. जिथं रजिस्ट्री नाही पण मृत्यूची नोंद चोख आहे तिथं उलटा हिशोब. म्हणजे समजा शेजारच्या देशात दोन्ही नोंदी आहेत आणि तिथं दर १०० नव्या पेशंटमागे ६० मृत्यू दिसतात. तर या देशात ३०० मृत्यू झाले म्हणजे नवे पेशंट साधारण ५०० असणार. वय, बाई-पुरुष, कॅन्सरचा प्रकार या सगळ्यासाठी हे वेगवेगळं करावं लागतं. आणि जिथं काहीच नाही तिथं आजूबाजूच्या देशांची सरासरी.

या शेवटच्या गटात बरेच देश आहेत. चांगल्या दर्जाची नोंद देणारे देश जगात जेमतेम एकतृतीयांश. आयएआरसी जगभरच्या रजिस्ट्र्यांचा डेटा तपासून जी ग्रंथमालिका काढते (पहिला खंड १९६६ चा, नंतरच्या काही खंडांचे एक संपादक पार्किनच) तिच्या दहाव्या खंडात उत्तर अमेरिकेची ९० टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आली होती आणि आफ्रिकेची एक-दोन टक्के. म्हणजे नकाशात आफ्रिका फिकट रंगात दिसली की "तिकडे कमी आहे बुवा" म्हणायच्या आधी थांबायला हवं.

---

गंधार७

माफ करा पण मग या आकड्यांना अर्थ काय राहिला? शेजाऱ्याची सरासरी लावायची आणि १८५ देशांचा तक्ता छापायचा. मी स्टॅटिस्टिक्समध्येच काम करतो, आमच्याकडे असा डेटा कुणी पुढे आणला तर परत पाठवतो आम्ही. शिवाय २०२० ला स्तनाचा कॅन्सर पहिला होता, २०२२ ला फुप्फुसाचा पहिला. दोन वर्षांत असं काय झालं? आणि मृत्यू ९९.६ लाखांवरून ९७ लाखांवर आले, म्हणजे उपचार सुधारले म्हणायचं का?

---

शोधयात्री

@गंधार७ तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो. नाही, तसं म्हणता येत नाही, आणि आयएआरसी स्वतःच सांगते की एका वेळचा ग्लोबोकॅन दुसऱ्या वेळच्या शेजारी ठेवून कल काढू नका. मधल्या काळात नवा डेटा येतो, पद्धत बदलते, एखाद्या मोठ्या देशाचा आकडा सुधारला की जगाचा आकडा हलतो. २०२० ला स्तन ११.७ टक्के आणि फुप्फुस ११.४, इतकं कमी अंतर होतं. बातम्यांमध्ये "फुप्फुसाने स्तनाला मागे टाकलं" वगैरे आलं ते वाचून मला त्रास झाला. कल बघायचा तर एकाच रजिस्ट्रीचा, वर्षानुवर्षांचा.

पहिल्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. अंदाज काढला नाही तर तिथं शून्य धरलं जातं. लिहून कुणी धरत नाही पण बजेट ठरवताना, औषधं मागवताना, रेडिएशनची मशिन्स कुठं बसवायची हे ठरवताना तेच होतं. पार्किन यांचं मला पटलेलं काम म्हणजे ते अंदाजावर थांबले नाहीत, जिथं नोंद नाही तिथं नोंद उभी करायच्या मागे लागले. २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या रजिस्ट्र्यांचं नेटवर्क सुरू झालं, त्याचं काम त्यांनी ऑक्सफर्डहून बघितलं.

---

रजिस्टरवाली

बऱ्याच दिवसांनी लिहितेय पण या विषयावर राहवलं नाही. मी काही वर्षं कॅन्सर रजिस्ट्रीत काम केलंय. नोंद म्हणजे काय असतं ते सांगते, कारण बाहेरून वाटतं की कॉम्प्युटरमध्ये आपोआप येतं.

आपण हॉस्पिटलमध्ये जायचं, पॅथॉलॉजीचं रजिस्टर काढायचं आणि एकेक ओळ वाचायची. बायोप्सीचा रिपोर्ट, पेशंटचं नाव, वय, पत्ता. पत्ता सगळ्यात महत्त्वाचा, कारण रजिस्ट्री *त्या भागात राहणाऱ्या* लोकांची असते, त्या हॉस्पिटलात आलेल्यांची नाही. मोठ्या हॉस्पिटलात लांबून लोक येतात आणि नातेवाइकाचा पत्ता देतात. तो तसाच घेतला तर त्या शहराचा दर उगाच फुगतो. मग फोन करायचा, घरी जायचं, नीट विचारायचं की मूळ राहता कुठं.

मग तोच पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात रेडिएशनला गेलेला असतो, तिसरीकडे ऑपरेशनला. नावाचं स्पेलिंग तिन्हीकडे वेगळं, वय एकीकडे ४८, एकीकडे ५०, एकीकडे ५२. तिघं आहेत की एकच? हे जुळवणं हेच निम्मं काम. वयाचं तर असं की ४०, ५०, ६० या आकड्यांवर नुसती गर्दी दिसते, कारण अंदाजे सांगितलेलं असतं.

आणि मृत्यूचे दाखले! "हृदय बंद पडल्याने मृत्यू." अहो हृदय सगळ्यांचंच बंद पडतं शेवटी. मागे लागून फाइल काढली की कळतं गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. किंवा लिहिलेलं असतं यकृताचा कॅन्सर, आणि मूळ असतो आतड्यात, यकृतात नंतर पसरलेला. ते तसंच कोड केलं की यकृताचा एक वाढला, आतड्याचा एक कमी झाला.

रजिस्ट्रीचा दर्जा बघताना म्हणून दोन टक्केवाऱ्या हमखास बघतात. कितीजणांचं निदान पेशी-ऊती तपासून झालंय, आणि कितीजण फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळले. दुसरी टक्केवारी जास्त म्हणजे जिवंतपणी ते लोक आमच्या हाताला लागलेच नाहीत. पण पहिली १०० च्या जवळ गेली तरी आनंद करायचा नसतो, त्याचा अर्थ असाही होतो की आपण फक्त लॅबच्या रजिस्टरवर अवलंबून आहोत आणि ज्यांची बायोप्सीच झाली नाही ते सुटलेत.

---

मृण्मयी_र

@रजिस्टरवाली ताई, हे वाचून अंगावर काटा आला. इतकं मन लावून करतं कुणीतरी हे माहीतच नव्हतं. अजून लिहा ना.

---

गंधार७

@रजिस्टरवाली धन्यवाद, ही प्रतिक्रिया मी जपून ठेवतोय. ज्यांची बायोप्सीच झाली नाही ते सुटतात, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

---

अनिकेत_ज

एक बेसिक प्रश्न. श्रीमंत देशांत कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं. मग आधुनिक जीवनशैलीमुळेच होतो ना? आमच्या ग्रुपवर रोज हेच फॉरवर्ड येतं.

---

शोधयात्री

@अनिकेत_ज याला तीन पदर आहेत, एका दमात लिहितो.

पहिला म्हणजे वय. कॅन्सर हा मुख्यतः उतारवयातला आजार, त्यामुळे जिथं म्हातारी माणसं जास्त तिथं कच्चा दर (नुसते एकूण पेशंट भागिले एकूण लोकसंख्या) जास्तच दिसणार, त्यात जीवनशैलीचा संबंध असो नसो. म्हणून वयाचा फरक काढून टाकून तुलना करतात. त्यासाठी एक काल्पनिक 'जागतिक लोकसंख्या' वापरतात, ती जपानच्या मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये ४६ देशांच्या लोकसंख्येवरून बनवली आणि १९६६ मध्ये रिचर्ड डॉल यांनी त्यात थोडा बदल केला. आजही ग्लोबोकॅनचे दर तिच्यावरच काढतात. कुठल्याही तक्त्यात दर वयानुसार जुळवलेला आहे की कच्चा, हे आधी बघा, नाहीतर तुलना फुकट.

दुसरा पदर खरोखरच्या कारणांचा, आणि तिथं तंबाखू सगळ्यांच्या पुढे. पार्किन यांनीच २०११ मध्ये ब्रिटनसाठी हिशोब मांडला होता, तिथले साधारण ४३ टक्के कॅन्सर हे तंबाखू, दारू, वजन, आहार, ऊन, इन्फेक्शन अशा टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले, आणि त्यात एकटी तंबाखू १९ टक्के. पण सगळं 'आधुनिक' वाईट असंही नाही हो. जठराचा कॅन्सर जगभर उतरत गेला त्यात फ्रिजचा वाटा मानतात, कारण खारवून-धुरावून टिकवलेलं खाणं कमी झालं, आणि हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूचा प्रसारही घटला. हे कुणी मोहीम काढून केलेलं नाही, राहणीमान सुधारलं आणि होत गेलं. पार्किन यांचाच २००६ चा एक पेपर आहे, त्यात २००२ सालच्या जगातल्या कॅन्सरपैकी जवळपास १८ टक्के, म्हणजे १९ लाख, इन्फेक्शनमुळे झालेले निघाले. हेलिकोबॅक्टर, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू), हिपॅटायटिस बी आणि सी हे मुख्य. हा भार गरीब देशांवर कितीतरी जास्त.

तिसरा पदर सगळ्यात महत्त्वाचा आणि फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो: *शोधलं की सापडतं.* दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १५ पट झालं. पंधरा पट! लोकांनी रेडिएशनपासून कशाकशाला दोष दिला असता. पण मृत्यूचं प्रमाण होतं तिथंच राहिलं. झालं असं की दुसऱ्या कॅन्सरच्या तपासणीला गेलेल्या लोकांची थोड्या जादा पैशात मानेची सोनोग्राफी व्हायला लागली आणि ज्या बारीक गाठींनी आयुष्यभर काही केलं नसतं त्या सापडल्या. मग ऑपरेशन, मग जन्मभर गोळ्या, काहींच्या आवाजावर परिणाम. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर आवाज उठवला आणि ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली.

म्हणून नव्या पेशंटचा आकडा एकटा कधी वाचू नये. शेजारी मृत्यूचा ठेवायचा.

---

डॉ_सायली

वरच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. मी ऑन्कोलॉजीत, म्हणजे कॅन्सरच्या उपचारात आहे. या जोडीने वाचलं की काय दिसतं त्याचं एक उदाहरण देते, मला ते विसरता येत नाही.

स्तनाचा कॅन्सर. अतिशय विकसित देशांत आयुष्यात १२ पैकी एका बाईला निदान होतं आणि ७१ पैकी एक त्याने जाते. सगळ्यात मागास देशांत २७ पैकी एकीला निदान, पण ४८ पैकी एक जाते. परत वाचा. होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी आणि मरण्याचं जास्त. कारण उशिरा येणं, निदानाची सोय लांब, उपचार अर्धवट सुटणं. नुसता पहिला आकडा बघणारा म्हणेल गरीब देशांतल्या बायका सुखी आहेत.

गर्भाशयमुखाचा तर याहून वाईट. २०२२ मध्ये ३ लाख ५० हजार मृत्यू आणि त्यातले ९४ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. या कॅन्सरला लस आहे, तपासणी आहे, वेळेत सापडला तर बरा होतो, आणि तरी हे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं उद्दिष्ट आहे ९०-७०-९०: ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ व्या वर्षी चांगल्या दर्जाची तपासणी, ९० टक्के आजारी बायकांना उपचार. हे जमतंय की नाही हे कळायला तरी रजिस्ट्री लागेलच ना? दर लाख बायकांत वर्षाला ४ पेक्षा कमी नवे पेशंट ही निर्मूलनाची व्याख्या आहे. मोजलंच नाही तर चारच्या खाली आलो की नाही सांगणार कोण?

---

अनिकेत_ज

@शोधयात्री @डॉ_सायली, कळलं. ग्रुपवर टाकतो हे. पण मग २०५० पर्यंत ३.५ कोटी होणार असं जे सांगतात ते? ७७ टक्के वाढ म्हणजे भयंकर आहे की.

---

शोधयात्री

@अनिकेत_ज तो आकडा बरोबर आहे, पण तो काढताना दर २०२२ चाच कायम धरलाय. वाढते ती लोकसंख्या आणि वय. म्हणजे कॅन्सर जास्त 'भयंकर' झाला नाही तरी पेशंट इतके होणारच. आणि वाढ सगळीकडे सारखी नाही, सगळ्यात मागास देशांत ती १४२ टक्के आहे. जिथं आत्ताच डॉक्टर, मशिन, औषधं पुरत नाहीत नेमकं तिथं. श्रीमंत देशांत संख्येने जास्त वाढतील पण त्यांच्याकडे व्यवस्था आहे.

दर बदलला तर आकडा बदलेल, दोन्ही बाजूंनी. तंबाखू आवरली तर खाली.

---

रजिस्टरवाली

मृण्मयीने अजून लिही म्हटलंय म्हणून एक. पार्किन यांचा विषय निघालाय तर कंपालाचा उल्लेख व्हायलाच हवा. युगांडातली ही रजिस्ट्री १९५० च्या दशकातली, कंपाला शहर ज्यात येतं त्या क्याडोंडो काउंटीची. सत्तरच्या दशकातल्या राजकीय धामधुमीत काम विस्कटलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा उभं केलं. आणि जुन्या नोंदी शाबूत होत्या म्हणूनच साठच्या दशकाशी तुलना करता आली. काय दिसलं, तर कापोसी सार्कोमा (बहुतेकदा त्वचेवर डाग-गाठी दिसणारा कॅन्सर), जो पूर्वीही तिथं होता पण बेताचा, तो एड्सच्या साथीनंतर पुरुषांत पहिल्या नंबरचा कॅन्सर झाला होता. युगांडातल्या डॉक्टरांबरोबर पार्किन यांनी हे २००० साली प्रसिद्ध केलं.

आमच्याकडे नवीन मुलं कामाला आली की मी हे सांगायचे. तुम्ही आज जी ओळ लिहिताय ती कदाचित तीस वर्षांनी कुणीतरी उघडणार आहे, तेव्हा वय अंदाजे असेल तर अंदाजे असंच लिहा, मनाने भरू नका.

---

गंधार७

लहान मुलांचं काय? तिथं तर जीवनशैली वगैरे प्रश्नच नाही.

---

डॉ_सायली

@गंधार७ तिथं चित्र सगळ्यात टोकाचं आहे. दरवर्षी साधारण ४ लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांच्याही खाली.

आणि नोंदीबद्दल म्हणाल तर २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, २०१५ साठी मॉडेल करून काढलेला. जगात अंदाजे ३ लाख ९७ हजार मुलांना कॅन्सर झाला असणार, पण निदान झालं फक्त २ लाख २४ हजारांचं. बाकीची, म्हणजे ४३ टक्के, कुठल्याच कागदावर नाहीत. ताप, रक्त कमी, इन्फेक्शन म्हणून गेली असणार. ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) लक्षणं मलेरियासारखीच दिसतात सुरुवातीला. या मुलांचे पालक आयुष्यभर वेगळंच कारण धरून बसलेले असतील.

---

मृण्मयी_र

काय बोलावं कळत नाहीये.

@शोधयात्री, हे आकडे आपल्याला स्वतःला बघता येतात का? की फक्त संशोधकांना?

---

शोधयात्री

@मृण्मयी_र कुणालाही, फुकट. आयएआरसीची 'ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी' आहे, तिथं देश, कॅन्सरचा प्रकार, वय, बाई-पुरुष निवडून तक्ता आणि नकाशा निघतो. दोन गोष्टी मात्र करा. दर बघताना वयानुसार जुळवलेलाच घ्या. आणि प्रत्येक देशाच्या पानावर तो अंदाज कशावरून काढलाय ते लिहिलेलं असतं, राष्ट्रीय रजिस्ट्री की काही भागांच्या की शेजारच्या देशांवरून, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसऱ्या एका संस्थेचे, अमेरिकेतल्या आयएचएमईचे आकडे पण दिसतील आणि ते जुळणार नाहीत. २०१९ साठी त्यांचे नवे पेशंट २ कोटी ३६ लाख, कारण त्यांनी त्वचेचे सौम्य प्रकार जास्त धरलेत. ते सगळे वगळले की १ कोटी ७२ लाख राहतात. मृत्यू मात्र दोघांचेही १ कोटीच्या आसपासच, कारण त्या सौम्य प्रकारांनी माणसं फारशी दगावत नाहीत.

---

रजिस्टरवाली

आणि तिथं एखाद्या देशापुढे "काही भागांच्या रजिस्ट्रीवरून" असं दिसलं तर त्या रजिस्ट्रीचं नाव शोधून तिचा स्वतःचा अहवाल काढा. बहुतेक रजिस्ट्र्या तो छापतात. त्यात शेवटी दर्जाचे तक्ते असतात, मी वर म्हटलं त्या दोन टक्केवाऱ्या तिथं प्रत्येक कॅन्सरसाठी वेगळ्या दिलेल्या असतात. यकृत आणि स्वादुपिंडाच्या ओळी आधी बघा, बायोप्सी करणं अवघड म्हणून तिथंच सगळ्यात जास्त गळती असते.